संगीत मानापमान: नक्की कुणाचं?

पडद्यामागचा (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या शनिवारी आमच्या इथल्या एका हौशी संस्थेचं मानापमान पाहिलं. सोबत बाबा होते, वय ८१. मध्यंतरात वडा खाताना एक शब्द बोलले नाहीत. परत येताना रिक्षात म्हणाले, "गायली पोरं बरी. पण हे मानापमान नव्हे." का नव्हे, असं विचारलं तर म्हणाले, "धैर्यधर एका कंपनीतला आणि भामिनी दुसऱ्याच कंपनीतली." मग घर येईपर्यंत गप्प.

मला आधी वाटलं, वयाचा त्रागा आहे. मग दोन रात्री जुनी ध्वनिमुद्रणं आणि नाटकाची जीर्ण प्रत घेऊन बसलो. आता वाटतंय की म्हातारा बरोबर बोलतोय.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाटककार खाडिलकर केसरीतले, टिळकांच्या जवळचे. त्यांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारनं १९१० साली बंदी घातली. पुढच्याच वर्षी, १२ मार्च १९११ ला, किर्लोस्कर मंडळीनं त्यांचं पहिलं संगीत नाटक मुंबईत रंगभूमीवर आणलं, ते हे. श्रीमंताघरची भामिनी. वडील तिला सेनापती धैर्यधराला द्यायचं म्हणतात आणि ती 'धनी मी पति वरिन कशी या अधना' असं म्हणत त्या कफल्लक शूराला धुडकावते. मग तीच वनमाला बनून त्याच्या आसपास वावरते आणि पुरती अडकते. मध्ये लुडबुडायला लक्ष्मीधर, पैशानं फुगलेला आणि काळजानं ससा. पहिल्या संचात भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस. चाली गोविंदराव टेंब्यांच्या.

जोगळेकर थोड्याच काळात गेले. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले, गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि भामिनी तिकडे गेली. पण नाटक काही एका घरात राहिलं नाही. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शनं ते केलं. १९१८ ला बळवंत संगीत मंडळी निघाली, तिथे मास्टर दीनानाथांनी धैर्यधर उभा केला, आणि उभा केला तो स्वतःच्या चाली घालून.

आता शनिवारचा प्रयोग. आमचा धैर्यधर 'रवि मी चंद्र कसा' आणि 'चंद्रिका ही जणू' गायला ते थेट दीनानाथांच्या तबकडीतलं, श्वास घ्यायच्या जागांसकट. भामिनी 'नाही मी बोलत नाथा' गायली ती बालगंधर्वांची, त्या लाडिक ओढीसकट. म्हणजे प्रेमात पडले ते दोन वेगळ्या बिऱ्हाडांतले लोक!

माझा प्रश्न असा: 'मूळ मानापमान' असं काही आहे का? आणि आज कुणी नव्यानं बसवायला घेतलं तर त्यानं कुणाचं बसवावं?


कुंदकळी

छान धागा. माझी कबुली आधी देते. 'शूरा मी वंदिले' मी लहानपणापासून रेडिओवर ऐकत आले. कॉलेज संपेपर्यंत मला ते पंधरा ऑगस्टचं गाणं वाटायचं. आमच्या शाळेत ते स्फूर्तिगीत म्हणून बसवलं होतं, हातात कागदी झेंडे देऊन. ते एका नाटकातलं आहे, आणि त्या नाटकात मुख्य भांडण लग्नावरून आहे, हे कळलं तेव्हा मी अर्धा तास हसत होते.


पेटीवाला

बाबांना माझा दंडवत सांगा. रिक्षात बसून एका वाक्यात जे बोलले ते आम्ही वाजवणारे गेली तीस वर्षं बोलतोय, फक्त आमचं कुणी ऐकत नाही.

आधी 'मूळ चाल' या शब्दाबद्दल. नाटकाच्या जुन्या छापील प्रती पाहा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कुठल्या तरी आधीच्या चिजेचे शब्द दिलेले असतात. म्हणजे चाल मुळातच दुसरीकडून आलेली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळात साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा जुन्या छंदांवर नाटक चालायचं. पदं पुष्कळ आणि छोटी, चार ओळी म्हटल्या की पुन्हा संवाद. टेंबे स्वतः पेटीतले उस्ताद, मैफलीत मुरलेले, ठुमरी-दादऱ्याचा कान असलेले. त्यांनी मानापमानाच्या पदांना बंदिशींचे आणि ठुमऱ्यांचे साचे दिले. इथून नाट्यपद लांबायला लागलं. नट गायक होताच, तो आता खुशाल रागविस्तार करायला लागला. पाच वर्षांनी, १९१६ ला, भास्करबुवा बखल्यांनी खाडिलकरांच्याच 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या तेव्हा तर पक्कं गाणंच रंगमंचावर येऊन बसलं. पण दार उघडलं ते मानापमानानं.

आता टेंब्यांच्या चाली जर दुसऱ्या चिजांवर बेतलेल्या, तर दीनानाथांनी त्या बदलल्या तर बाट कसला? त्यांच्या गळ्याला ते साचे मानवले नाहीत. गवई वझेबुवांची तालीम, शिवाय पंजाबी अंग आणि कर्नाटकी वळणाची ओढ. 'चंद्रिका ही जणू' ऐका, त्या स्वरांची उडीच वेगळी आहे. संथ, आर्जवी धैर्यधर त्यांच्याच्यानं झाला नसता. त्यांचा धैर्यधर म्हणजे म्यानातून निम्मी बाहेर आलेली तलवार.

दुसरी गोष्ट तबकडीची. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. रंगमंचावर जे पद पंधरा मिनिटं चालायचं, वन्समोअर मिळाला तर तीस, ते तबकडीसाठी निंबू पिळावं तसं पिळलं. आज आपण ज्याला 'मूळ चाल' म्हणतो ते म्हणजे त्या सव्वातीन मिनिटांत जे मावलं ते. नवीन मुलं तेच पाठ करतात. दीनानाथ तबकडीत वेळ संपत आला म्हणून घाईनं समेवर येतात, तर ही मुलं रंगमंचावर, हातात रात्रभराचा वेळ असताना, तेवढ्याच घाईनं समेवर येतात.


शंकेखोर

एक शंका. मानापमानाचा पहिला प्रयोग बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून केला होता ना? आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. चित्रपटात पाहिल्याचं आठवतंय.


पडद्यामागचा

नाही हो शंकेखोर, तुमच्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. मुलगी गेली ती पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १९११ ला. तान्ही होती. प्रयोग रद्द करावा असं लोक म्हणत असताना बालगंधर्वांनी तोंडाला रंग लावला. 'बालगंधर्व' या चित्रपटात आहे तो हाच प्रसंग. केशवरावांबरोबरचा प्रयोग दहा वर्षांनंतरचा, तो 'संयुक्त मानापमान'.


बखर_नको_मज

संयुक्त मानापमानाबद्दल मी लिहितो, हा माझा दुखरा कोपरा आहे.

८ जुलै १९२१, मुंबई, बालीवाला थिएटर. टिळक जाऊन वर्षही झालं नव्हतं. गांधीजींनी टिळक स्वराज्य फंडासाठी कोटभर रुपये जमवायचं ठरवलेलं होतं, त्याच्या मदतीसाठी हा खेळ. भामिनी गंधर्व मंडळीची, धैर्यधर ललितकलादर्शचा. या दोन कंपन्या म्हणजे त्या काळातल्या दोन तालमी, दोघांचे प्रेक्षकही वेगळे. गंधर्वांचे भक्त केशवरावांना तानबाज म्हणणार, केशवरावांचे भक्त गंधर्वांना लाडोबा म्हणणार. हे दोघे एका रंगमंचावर समोरासमोर उभे राहणार म्हटल्यावर काय झालं असेल याची कल्पना करा.

मला या प्रयोगात नेहमी एक गोष्ट खुणावते. केशवराव स्वतः स्त्रीभूमिकांतून वर आलेले. म्हणजे समोरची भामिनी कुठे थांबणार, कुठे मान वळवणार, पदर सावरायला किती मात्रा घेणार, हे त्यांना आतून ठाऊक. शिवाय भामिनीच तिथे वनमालेचं सोंग करते. पुरुष बाई झालेला, ती बाई दुसरी बाई झालेली, आणि समोर उभा नायकही एकेकाळची नायिका. आज हे सगळं निघून गेलंय. त्याबद्दल हळहळतो असं नाही, पण संवादांतल्या बऱ्याच कोपरखळ्या पुरुषच बाई व्हायचा त्या काळात बनल्या होत्या, हे बसवताना लक्षात ठेवलेलं बरं.

केशवराव त्यानंतर तीन महिनेही जगले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ ला विषमज्वरानं गेले. वय ३१.


कोल्हापुरी_पायताण

केशवरावांचं नाव निघालंय म्हणून सांगतो. कोल्हापुरातलं आमचं नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. पुढे त्याला केशवरावांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची जयंती. त्या रात्री आम्ही शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला उभं राहून बघत होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, "सागवान हाय, लवकर विझायचं न्हाई."

मानापमानावर माझं मत विचाराल तर मला पदं दोनच येतात. चालू द्या.


संहितावाली

सगळे चालींवरच बोलताय. थोडं गद्यावरही बोलूया का?

मी महाविद्यालयात हे नाटक शिकवते. मुलं पहिल्या अंकात वैतागतात, कारण खाडिलकरांचं वाक्य म्हणजे आगगाडी, डबे मोजत बसावे लागतात. म्हणून पुनरुज्जीवन करणारा पहिली कात्री गद्याला लावतो. पदं पन्नासेक आहेत, त्यांतली निम्मी जातात, पण त्यांच्याहून जास्त गद्य जातं. आणि तिथेच नाटकाचं कंबरडं मोडतं.

का ते सांगते. भामिनी धैर्यधराला नाकारते ते केवळ पैशाच्या गर्वातून नाही. वडिलांनी परस्पर ठरवलं याचाही तिला राग आहे. मग ती वेश बदलून त्याला जवळून पाहते, बोलते, चिडवते, हरते. हा सगळा प्रवास गद्यात आहे. ते गद्य कापलं की उरतं काय? पहिल्या अंकात 'नको', दुसऱ्या अंकात 'मला मदन भासे हा मोही मना'. प्रेक्षागृहातली आजची मुलगी म्हणणार, ही बाई चंचल दिसते. चंचल ती नाही, कात्री चंचल आहे.

पद हे नाटकात तेव्हाच नाट्यपद असतं जेव्हा आधीचं वाक्य पुरेनासं होतं. आधीचं वाक्यच काढून टाकलं तर पद म्हणजे मैफल, फक्त नऊवारी नेसून केलेली.

तरी एक मान्य करते. नाटकाचा कणा आज थोडा खुपतो. श्रीमंत मुलीनं 'धडा शिकायचा' आणि तो शिकवायला सेनापती. १९११ ला कीचकवधाची बंदी ताजी असताना 'पैशापेक्षा शौर्य मोठं' या वाक्याला जो अर्थ होता तो आज आपोआप पोचत नाही. तो पोचवायचा तर लक्ष्मीधर नुसता विदूषक करून चालत नाही. त्याच्या भित्रेपणाला सत्तेशी जुळवून घेणाऱ्या श्रीमंतीचा वास यायला हवा. बोडसांसारखा गद्यात तयार झालेला नट त्या भूमिकेत घातला होता तो उगाच नाही. आज लक्ष्मीधर कुणाला देतात? ज्याला गाता येत नाही त्याला.


गोंयचो_पावस

संहितावालीताई, कात्रीबद्दल आमच्याकडची गोष्ट सांगतो. आमच्या गावच्या देवळात जत्रेला संगीत नाटक व्हायचं, अजूनही होतं. पालखी आत गेली, आरती झाली, दुकानदारांनी खाजं बांधून ठेवलं की मग नाटक उभं राहणार. म्हणजे रात्रीचे बारा कधीच वाजून गेलेले. संपायचं तेव्हा पूर्वेला फटफटलेलं असायचं. माझे मामा भामिनी करायचे, सुतारकाम करणारा माणूस. दुपारी रंधा मारायचे आणि रात्री शालू नेसून 'खरा तो प्रेमा'. बायका पुढे बसून त्यांच्या निऱ्यांवर टीका करायच्या.

तिथे कात्री कोण लावणार? उलट वाढ व्हायची. एखाद्यानं पेटीवर दहाची नोट ठेवली की पद पुन्हा. दोन वेळा तर 'दे हाता शरणागता' म्हणणारा धैर्यधर हात पुढे करून पंधरा मिनिटं तसाच उभा, कारण लोक सोडतच नव्हते.

आणि दीनानाथांच्या चाली आमच्याकडे 'दीनानाथांच्या' म्हणून कुणी गात नाही. ते मंगेशीचे, आमच्या शेजारच्या वाड्यावरचे. त्या चाली म्हणजेच चाली. मामांना टेंब्यांच्या चालीचं वेगळं काही असतं हे पणजीला गेल्यावर कळलं.


बे_एरिया_बंड्या

आमच्या इथे मंडळाच्या कार्यक्रमात आम्हीही हे धाडस केलं आहे. सभागृह संध्याकाळी सात ते दहा, दहाला दिवे बंद होतात आणि दहा मिनिटं जादा लागली तर पुढच्या तासाचं भाडं. मग काय, आम्ही गद्य गाळलं, लक्ष्मीधर जवळजवळ गाळला, युद्ध पूर्ण गाळलं. शेवटी एक गुजराती पाहुणे मला म्हणाले, "गाणं फार सुंदर, पण त्यांच्यात भांडण कशावरून होतं?" मी तालमीत सहा महिने होतो, मला तीन सेकंद उत्तर सुचलं नाही.

ऑर्गन मिळाला नाही म्हणून सिंथेसायझर वापरला. पेटीवाले साहेब, शिव्या घालू नका.


पेटीवाला

बंड्या, शिव्या नाही घालत. पुण्यात भर रंगमंदिरात तेच चालतं. पायपेटी, म्हणजे तुमचा ऑर्गन, पायानं हलवायच्या भात्यावर चालते, म्हणून नटाचा श्वास आणि पेटीचा श्वास एकत्र वर-खाली होतो. सिंथेसायझर दम खात नाही, इतकाच काय तो फरक. पण पायपेटी वाहून न्यायला टेम्पो लागतो आणि टेम्पोचे पैसे कुणी देत नाही.

पट्टीचा, म्हणजे गायक पेटीवरचा कोणता सूर आपला षड्ज ('सा') धरतो याचा, मुद्दा राहिलाच होता. जुन्या संचांत दोन्ही बाजूंना पुरुष, दोघेही उंच पट्टीत गाणारे. ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेत, चार आणेवाल्यापर्यंत, आवाज पोचवायचा म्हणजे पट्टी चढीच लागायची. भामिनीचं पद संपलं की धैर्यधर जवळजवळ त्याच षड्जात बोलायला लागायचा. गद्यसुद्धा सुरात, हे लक्षात घ्या. आता भामिनी बाई आहे, तिची पट्टी काळी चार-पाच. धैर्यधर काळी एक किंवा पांढरी दोन. तबलजीसमोर दोन-तीन तबले लावून ठेवलेले, पद बदललं की हातोडी. आम्ही पदापूर्वी सूर देतो तेव्हा प्रेक्षकाच्या कानात आधीचा षड्ज पुसून नवा लिहावा लागतो. दर वेळी एक खाच पडते. नाटक तिथे दर वेळी थांबतं आणि पुन्हा सुरू होतं.

गंधर्व मंडळीत पुढे विनायकबुवा पटवर्धन नायक झाले, पलुस्करांच्या तालमीतला पक्का गवई. तरी तो गवई आणि बालगंधर्व एका सुराच्या अंगणात खेळले. ते अंगण आता नाही.


सिनेमास्कोप

इतके जण बोलले आणि कुणी २०२५ च्या चित्रपटाचं नाव काढत नाही. सुबोध भाव्यांचा संगीत मानापमान, जानेवारीत आला. शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत. माझ्या सोळा वर्षांच्या भाचीनं त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा 'मानापमान' हा शब्द ऐकला. तुम्ही पट्टी आणि पायपेटी करत बसा.


संहितावाली

सिनेमास्कोप, भाचीचं कौतुक आहे. पण चित्रपट हे पुनरुज्जीवन नव्हे. नाटकावरून सुचलेली नवी गोष्ट आहे ती, तसं ते सांगतातही. त्याला मानापमानाच्या गजानं मोजलं तर त्याच्यावर अन्याय आणि नाटकावरही.


सिनेमास्कोप

मग टेंब्यांच्या चाली फेकून दीनानाथांनी केलं ते पुनरुज्जीवन, आणि शंकर महादेवननं केलं ते नाही, असं का? फरक फक्त शंभर वर्षांचा?


संहितावाली

चाल बदलणं आणि प्रसंग बदलणं यात फरक आहे. दीनानाथांचा धैर्यधर खाडिलकरांचीच वाक्यं बोलत होता.

(पण प्रश्न चांगला आहे. रात्री विचार करते.)


बखर_नको_मज

मधला दुवा कुणी सांगितला नाही. दीनानाथ १९४२ ला गेले. त्यांच्या चाली रंगमंचावर पातळ होत गेल्या तरी मैफलीत जगल्या, त्यात मोठा वाटा गायक वसंतराव देशपांड्यांचा. वसंतरावांनी दीनानाथांना देव मानलं. त्यांची पदं ते आपल्या ढंगानं, आणखी चार पायऱ्या चढून गायचे. मग मानापमानाची शंभरी आली त्या सुमारास वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी नाटक पुन्हा उभं केलं. म्हणजे दीनानाथांचा धैर्यधर रंगमंचावरून मैफलीत गेला, तिथे वाढला, आणि मैफलीतला होऊन रंगमंचावर परत आला. भामिनीचं असं झालं नाही. ती गंधर्वांच्या तबकड्यांत थांबली. पुढच्या प्रत्येक भामिनीला गंधर्वांसारखं गाणं हीच परीक्षा. धागाकर्त्याच्या बाबांना जे दोन कंपन्यांचं वाटलं ते मला दोन काळांचं वाटतं.


शंकेखोर

बखरभाऊ, दंडवत. याचा वेगळा लेख करा.

अवांतर: पैशापेक्षा शौर्य मोठं सांगणाऱ्या नाटकात गंधर्व मंडळी भारी शालू, मखमल, महागडे पडदे यांवर पैसा ओतत होती आणि कंपनी कर्जात बुडत होती, याची गंमत कुणाला वाटत नाही का? लक्ष्मीधर तिकीटखिडकीवर बसला होता म्हणायचा.


पडद्यामागचा

शंकेखोर, हे बाबांना वाचून दाखवलं, दोन मिनिटं हसत होते.

सगळे प्रतिसाद छापून बाबांना दिले होते. पडद्यावर वाचत नाहीत. काल जेवताना विषय निघाला. मी म्हटलं, तुमचं म्हणणं पेटीवाल्यांनी सिद्ध केलं, चाली दोन कंपन्यांच्या आहेत. तर ते म्हणाले, "चालींचं मी कधी बोललो?"

मग सांगितलं ते असं. त्यांनी मानापमान पहिल्यांदा पाहिलं ते सोळा-सतराव्या वर्षी, तालुक्याच्या टॉकीजमध्ये, फिरतीवरच्या एका छोट्या कंपनीचं. पडदे विटलेले. धैर्यधर पन्नाशीचा, पोट सुटलेला. चाली कुणाच्या होत्या ते त्यांना आजही माहीत नाही. पण भामिनीनं गाण्यात एक हरकत (सुरांचं छोटं वळण) घेतली की धैर्यधर पुढच्या वाक्यात तीच हरकत बोलण्यात घ्यायचा. त्याची तान जिथे संपली तिथून ही हसायची. "ती दोघं आठ महिने एका ट्रकमधून हिंडत होती, एका पंगतीला जेवत होती. एकानं खाकरलं तर दुसऱ्याला कळायचं आता काय येणार. शनिवारी तुमची पोरं शेजारी उभी राहून आपापल्या रेकॉर्डशी गात होती. तो दीनानाथांना ऐकत होता, ती गंधर्वांना. एकमेकांना कोण ऐकत होतं?"

मी म्हटलं, मग कंपनी म्हणालात ते? तर म्हणाले, "कंपनी म्हणजे कंपनी. सोबत."


पेटीवाला

मी वर एवढं मोठं पट्टीपुराण लिहिलं ते मागे घेत नाही, पण बाबांनी माझी पेटी बंद केली.

खरं आहे हो. आमच्याकडे आता तालमी दहा-बारा. त्यातही सगळे एकत्र चार वेळा. बाकी प्रत्येक जण गाडीत कानात बोंडं घालून आपलं पद घोटत येतो. मागे एका प्रयोगात भामिनीनं 'नाही मी बोलत नाथा' मध्ये ऐन वेळी एक जागा इतकी सुंदर घेतली की मी पेटीवरून मान वर केली. समोर धैर्यधर प्रेक्षकांकडे तोंड करून मनात पुढच्या पदाचे शब्द जुळवत उभा. नाथाशीच बोलत नाही म्हणतेय ती, आणि नाथ घरी नाही!


कुंदकळी

पेटीवाले काका, शेवटचं वाक्य चोरलं आहे, कळवलेलं बरं.


संहितावाली

रात्री विचार करते म्हणाले होते, तर केलाय. सिनेमास्कोप, अर्धा मुद्दा तुमचा. मूळ चालीचा आग्रह जर खोटा, तर मूळ वाक्याचा आग्रह तितकाच खरा कसा, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. पण पुढच्या सत्रात एक करून बघणार आहे. 'मला मदन भासे' च्या आधीचा प्रवेश वर्गात दोनदा वाचून घेते, एकदा पूर्ण आणि एकदा कापलेला. गाणं कुणी गाणार नाही. मुलांना विचारते, पद कुठे हवंसं वाटलं.


गोंयचो_पावस

ताई, निकाल इथे टाका. आणि धागाकर्ते, तुमच्या बाबांना जत्रेला घेऊन या. मामा आता नाहीत, पण त्यांचा मुलगा लक्ष्मीधर करतो. गाता येतं त्याला, तरी करतो.


पडद्यामागचा

बाबांना सांगितलं. म्हणाले, रात्रभर बसवणार नाही, पाठ दुखते. खाजं मिळणार असेल तर येतो.

जाता जाता: त्या हौशी संस्थेचा दुसरा प्रयोग येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला आहे. त्यांच्या दिग्दर्शकाला मी या धाग्याबद्दल सांगितलं. रागावेल वाटलं होतं, तर त्यानं त्या दोघांना या आठवड्यात रेकॉर्ड ऐकायला बंदी केली आहे आणि रोज संध्याकाळी नुसतं गद्य म्हणायला बसवतो आहे, पेटीशिवाय. माझ्याकडे दोन तिकिटं जास्तीची आहेत, रांग अकरावी. पुण्यात कुणी असेल तर निरोप करा.


शंकेखोर

एक माझं. दुसऱ्यावर पेटीवाल्यांना बसवा, एकदा तरी प्रेक्षकांतून ऐकू दे त्यांना.


पेटीवाला

रविवारी मीच वाजवतोय तिथे.